जोडीतली दुसरी चोखणी

अक्काताईंनी चिमट्यानं चोखणी उचलली आणि बंबाच्या जाळात टाकली. आंघोळीचं पाणी अजून कोमटच होतं. रबर आधी फुगलं, मग काळं पडून वितळलं, आणि परसभर असा उग्र वास सुटला की गोठ्यातल्या म्हशीनंही वैरण सोडून मान वर केली.

"झालं. गेली पीडा," अक्काताई म्हणाल्या. "आता बघ, पोरगं गुमान अंगावर पितंय का न्हाई."

रुचिता मागच्या दारात उभी होती. ओले केस पंच्यात गुंडाळलेले, कडेवर सात महिन्यांचा अरिहंत. सासूनं न विचारता सुनेची वस्तू जाळात घालावी आणि सुनेनं नुसतं बघत राहावं, एवढी काही ती गरीब गाय नव्हती. एरवी दोन शब्द नक्की बोलली असती. पण त्या सकाळी तिनं जीभ आवरली, कारण चूक आपलीच आहे असं तिलाही वाटत होतं.

"म्हशीचं रेडकू मेलं की लोकं पेंढा भरलेलं रेडकू तिच्या म्होरं उभं करत्यात," अक्काताई चिमटा आपटत म्हणाल्या. "म्हस फसती आन् पान्हा सोडती. तशातली गत ही. पोराला रबार देऊन फसवायचं. मग खऱ्या आईला ते कशाला वळखंल?"

अरिहंत जाळाकडे बघून हसला. त्याला काय, जळताना सगळंच छान दिसतं.

रुचिताची रजा संपली तेव्हा तो चार महिन्यांचा होता. कोडोलीपासून पंधरा मिनिटांवर एका दूध संघाचं शीतकरण केंद्र होतं, तिथल्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. गावोगावच्या संस्थांमधून येणाऱ्या दुधाची फॅट काढायची, पाणी मारलंय का बघायचं, नासकं माघारी धाडायचं. कामात ती अशी चोख की दुधात तांब्याभर पाणी ओतणारा गडी तिची पाळी आहे म्हटलं की हात आखडता घ्यायचा. घरी मात्र अडचण निराळी होती. अरिहंतला अंगावर पिता पिताच झोपायची सवय होती, आणि झोप लागली तरी तो सोडायचा नाही. ती दिवसभर नसणार, मग दुपारी याला निजवायचं कसं?

कोल्हापुरातल्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी मार्ग सांगितला होता. अंगावरचं पिणं आता नीट बसलंय, तेव्हा पोट भरल्यावर, झोपताना, चोखणी दिली तर चालेल. दुधाच्या बदल्यात द्यायची नाही. रोज उकळायची. मधात, साखरेत बुडवायची नाही. मधाचा प्रश्नच नव्हता, जैनाच्या घरात मध येतो कुठून! रुचितानं दोनाची जोडी आणली. एक उकळून वापरायला काढली, दुसरी पाकिटातच कपाटाच्या खणात ठेवली.

दोन महिने बरे गेले. केंद्रातल्या मागच्या खोलीत बसून ती हातपंपानं दूध काढायची, बाटलीवर तारीख घालायची आणि थंड पेटीत ठेवायची. म्हशींच्या नमुन्यांच्या शेजारी तिची ती एवढीशी बाटली. सोबतची वर्षाराणी थट्टा करायची, "मॅडम, ह्याची फॅट काढू का?" रुचिता हसायची. दुसऱ्या दिवशी तेच दूध अक्काताई वाटी-चमच्यानं अरिहंतला पाजायच्या.

मग सहावा महिना सरता सरता काहीतरी बिघडलं. वाटीतलं दूध अर्धंअधिक उरायला लागलं. आणि संध्याकाळी रुचितानं पदराखाली घेतलं की अरिहंत दोनदा ओढायचा, सोडून द्यायचा आणि पाठीची कमान करून रडायचा. तिचा पान्हा फुटून ब्लाऊज भिजलेला, आणि पोर तोंड लावायला तयार नाही. अंगणवाडीच्या काट्यावर वजन एक पंधरवडा जागचं हललं नाही, पुढच्या पंधरवड्यात शंभर ग्रॅमनं उतरलं.

"दूध कमी हाय तुझं," अक्काताई म्हणाल्या. आळिवाची खीर झाली, डिंकाचे लाडू झाले, शतावरी झाली. रुचिता सगळं मुकाट गिळत राहिली. शेजारच्या झुंबरबाई भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "गावाच्या म्हशीचं दूध तपासतीस, आन् घरचंच पोरगं उपाशी व्हय गं?" म्हणताना त्या हसल्या. असं बोलणं हसत हसत बोललं की बोलणाऱ्याला पाप लागत नाही, अशी आपल्याकडे समजूत आहे.

श्रेणिकला विचारून उपयोग नव्हता. ठिबकच्या पाइपांचं त्याचं दुकान, पाण्याचा दाब कुठं कमी पडतो हे तो शिवारात उभ्या उभ्या सांगायचा. घरातलं विचारलं की म्हणायचा, "आई म्हणती तसं कर की. तिनं काय पोरं बघितली न्हाईत का?"

दोष ठरला चोखणीचा. रबराला सोकावलंय, म्हणून आईला ओळखत नाही. रुचितानं तिच्या परीनं वाचलं, विचारलं, आणि शेवटी तिलाही ते पटलं. आपल्या नोकरीसाठी, आपल्या सोयीसाठी आपण पोराच्या तोंडात रबर कोंबलं. म्हणून त्या सकाळी बंबापुढे ती गप्प राहिली. उलट जाळ विझल्यावर तिला जरा हलकंच वाटलं.

पण चोखणी गेली तरी काही सुधारलं नाही. संध्याकाळी सव्वासहाला ती घामेजून घरी यायची, हातपाय धुवायची आणि अरिहंतकडे धावायची, तर अक्काताईंनी ताट वाढलेलं असायचं.

"आधी जेव. दिवस मावळाय लागलाय."

त्या घरात सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा कुणी तोंडाला लावत नसे. बाळंतपणात तेवढी सूट होती, तीही सव्वा महिन्याची. रुचिता भराभरा चार घास ढकलायची. तोवर अक्काताई अरिहंतला मांडीवर थोपटून निजवून टाकायच्या. निजलेलं पोर उठवू नये म्हणतात. उठवलं तर ते चिडायचं, पदराशी झोंबायचं आणि आजीकडे हात करायचं. आजीनं घेतलं की गप्प.

"माझ्याजवळ कसं निवांत निजतंय बघ. रबार लागत न्हाई का काय लागत न्हाई," अक्काताई म्हणायच्या. त्यांच्या आवाजात नुसता तोरा नव्हता, कसलंसं समाधान होतं. अलीकडे त्या दुपारी आंघोळ करून चोळी बदलायच्या. वैशाखाचा उकाडाच तसा होता.

बालरोगतज्ज्ञ बाईंनी शेवटचं सांगितलं, "पंधरा दिवस बघू. वजन चढलं नाही तर पावडरचं दूध सुरू करावं लागेल. मग अंगावरचं हळूहळू सुटेल, त्याची तयारी ठेवा."

पंधरा दिवस. रुचितानं केंद्रातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं बारीक खूण केली. डब्याच्या दुधाला ती नावं ठेवणारी नव्हती, त्यावरही पोरं वाढतात हे तिला ठाऊक होतं. पण तिचं स्वतःचं दूध रोज गळून कपड्यात जात होतं आणि ते आटायच्या आत पोर माघारी यावं, एवढी एकच गोष्ट तिला हवी होती. दुसरं काही मागितलंच नव्हतं तिनं.

नवव्या दिवशी केंद्रातला कॉम्प्रेसर बसला. आलेले टँकर दुसरीकडे वळवले आणि साहेबांनी प्रयोगशाळेतल्या दोघींना एक वाजताच घरी जायला सांगितलं.

कोडोलीच्या गल्लीत तेव्हा कुत्रंसुद्धा नव्हतं. पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं. रुचितानं चपला काढल्या, बाटलीची पिशवी फ्रीजमध्ये ठेवली आणि आवाज न करता मधल्या खोलीकडे गेली. आज अरिहंत उठताक्षणी पदराखाली घ्यायचं, त्याला आजीकडे बघायला सवडच द्यायची नाही, असा बेत तिनं वाटेतच रचला होता.

खोलीचं दार चारेक बोटं उघडं होतं. आत पंखा फिरत होता.

अक्काताई चटईवर कुशीवर निजल्या होत्या. चोळीची गाठ सुटलेली होती. अरिहंत त्यांना बिलगून निजला होता, एक मूठ त्यांच्या पातळाच्या काठात रुतलेली. साठी ओलांडलेल्या बाईची ती सुकलेली छाती त्याच्या तोंडात होती, आणि झोपेतही त्याचे गाल लयीत आत-बाहेर होत होते. मध्येच ओढ थांबायची, मग पुन्हा सुरू व्हायची. अक्काताईंचा हात त्याच्या पाठीवर होता. त्यांचे डोळे मिटलेले होते, पण त्या झोपलेल्या नव्हत्या. चेहऱ्यावर असं काही होतं, जे रुचितानं लग्नाला चार वर्षं झाली तरी कधी पाहिलं नव्हतं.

वाटीतलं दूध कोपऱ्यात झाकून ठेवलेलं होतं. तसंच्या तसं.

दुधात तांब्याभर पाणी असलं तरी ते हुडकून काढणारी बाई ती, आणि स्वतःच्या घरात दीड महिना काय चाललं होतं याचा तिला पत्ता नव्हता. ओरडावं तर कुणाच्या नावानं? आपलेच दात, आपलेच ओठ. तिच्या छातीत दूध भरून आलं होतं, पोराला बघून आपोआप. ब्लाऊजवर दोन डाग पसरले.

ती मागच्या परसात गेली. बंबाच्या शेजारी फुटक्या डेऱ्यात कोरफड होती. तिनं विळीवर एक जाड पान कापलं. हिरवट-पिवळा चीक तिच्या बोटांवर आला. ते पान ताटलीत घालून ती माघारी आली.

दाराच्या आवाजानं अक्काताई उठून बसल्या होत्या. चोळीची गाठ मारत होत्या, पण गाठ बसत नव्हती. अरिहंत चटईवर झोपलेला, तोंड अजून चोखत असलेलं.

रुचितानं ताटली त्यांच्यापुढे ठेवली.

अक्काताईंनी पानाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं नाही. म्हणाल्या, "आज चौदस हाय. हिरवं तोडत न्हाईत."

"तोडलंय मी. पाप माझ्याकडं."



"पोराचं पिणं सोडवायचं झालं की हेच लावत्यात न्हवं? कडू लागलं की पोर सोडतंय," रुचिता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "लावा."

"रडत हुतं गं. पयल्या दिवशी लई रडलं. तुझी ती रबार कुठं पडली हुती कुणास ठाव. म्हटलं, निजंस्तवर..." अक्काताई थांबल्या. "मग रोजच मागाय लागलं."

"आणि रबर जाळलंत. मी बघत होते, तरी जाळलंत."

अक्काताईंनी अरिहंतच्या अंगावर दुपटं नीट केलं, नीटच होतं ते. मग जणू पोरालाच सांगत असल्यासारखं त्या बोलल्या.

"श्रेणिक दीड महिन्याचा हुता. सासूनं मला भांगलायला धाडलं. दिवसभर उसात, पातळ भिजून अंगाला चिकटायचं माझं. सांजचं धावत यायचो, तवर तिनं त्याला गाईच्या दुधावर निजवलेला असायचा. निजलेलं पोर उठवू न्हाई म्हणायची. तिसऱ्या महिन्यात आटलं माझं. एक डाव बी पोटभर पाजलो न्हाई मी त्याला."

रुचितानं ऐकून घेतलं. क्षणभर तिला त्या बाईची कीव आली, आणि लगेच त्या कीवेचाच राग आला.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

अक्काताईंनी ताटली जवळ ओढली.

श्रेणिकला दोघींपैकी कुणीच काही सांगितलं नाही. सांगता येण्यासारखं नव्हतंच ते. पुढचे तीन दिवस रुचिता कामावर गेली आणि आली. काय झालं, किती रडला, तिनं विचारलं नाही. झुंबरबाईंनी मात्र भिंतीवरून कळवलं, "दोन दिस झालं, तुझ्या पोरानं दुपारी घर डोक्यावर घेतलंय. अक्काताईंचा आवाज बी बसलाय बघ रडून, का सर्दी झालीया?"

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्काताई उंबऱ्यातच उभ्या होत्या. डोळे सुजलेले, चोळीची गाठ घट्ट, दोनदा मारलेली.

"सोडलं त्यानं," त्या म्हणाल्या. "आज म्होरं केलं तरी घेतलं न्हाई. निजवलेलं बी न्हाई मी. जागं हाय. भुकेजलंय. घे."

ताटं वाढून झाकलेली होती, पण 'आधी जेव' म्हणाल्या नाहीत. रुचितानं हात धुतले, छाती कोमट पाण्यानं पुसली, आणि मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसली. खिडकीतून तिरपं ऊन चटईवर आलं होतं. अरिहंत तिला बघून खुलला, हात नाचवत तिच्या मांडीवर आला. तिचा ऊर भरून आला होता, आत ठणकत होतं. तिनं पदर सारला.

त्यानं तोंड जवळ आणलं, आणि थांबला. नाकानं हुंगलं. मान वर करून तिच्याकडे बघितलं, एखाद्या ओळखीच्या माणसानं फसवल्यावर बघावं तसं. मग ओठ घट्ट मिटले, तळहातानं तिला दूर लोटलं आणि तोंड फिरवलं.

"अरे, कडू नाही. बघ तर, कडू नाही रे," ती म्हणाली. तिनं एक थेंब बोटावर घेऊन त्याच्या ओठाला लावला. त्यानं जीभ बाहेर काढून तो ढकलून दिला, अंग आखडलं आणि किंकाळी फोडली. तिनं दुसऱ्या बाजूनं घेतलं. उभं राहून घेतलं. खोलीत फेऱ्या मारत घेतलं. छातीजवळ नेलं की तो काटा टोचल्यासारखा मागं व्हायचा. कुणाची छाती कडू होती, एवढा हिशेब सात महिन्यांच्या जिवाला कसा कळावा? अक्काताईंनी लावलं, आणि लावा म्हणून सांगितलं ते हिनं.

दारात अक्काताई होत्या. एकदा त्यांनी हात पुढे केले, मग आपणच मागं घेतले. आता त्यांच्याकडेही तो जाणार नव्हता.

किती तरी वेळ तो रडत होता. ऊन चटईवरून भिंतीवर चढलं आणि पुसट झालं. अक्काताई दारातून नाहीशा झाल्या. कपाटाचा खण उघडल्याचा आवाज आला. कागद फाटला. मग गॅस पेटला आणि भांड्यात पाणी खळखळायला लागलं. पाच मिनिटं उकळायची, असं रुचितानंच पहिल्या दिवशी त्यांना शिकवलं होतं. तेव्हा त्यांनी नाक मुरडलं होतं.

वाटीत निवत ठेवलेली जोडीतली दुसरी चोखणी घेऊन त्या आल्या. रुचितापुढे वाटी धरली, स्वतः हात लावला नाही.

रुचितानं वाटीकडे बघितलं. मग चोखणी उचलून अरिहंतच्या तोंडात दिली. त्यानं ती आधी जिभेनं चाचपली, कडू नाही अशी खातरी केली आणि ओढायला लागला. हुंदके देत देत त्याचे डोळे मिटले. रुचिताचा ब्लाऊज पोटापर्यंत भिजला होता. तिनं पदर ओढून घेतला, पुसलं नाही.

अक्काताई भिंतीला टेकून तिच्या शेजारी खाली बसल्या. दोघींच्या मध्ये बोटभर जागा होती. स्वयंपाकघरात दोन ताटं झाकलेली होती. बाहेर दिवस कधीच मावळून गेला होता, आता सकाळपर्यंत दोघींनाही जेवता येणार नव्हतं.